हलगी, क्लिक आणि 43 हजारांचा डबा: कोल्हापुरातल्या एका हौशी बँडला डेमो दोनदा का करावा लागला

पार्श्वभूमी

नावं कुणाचीच घालत नाही, बँडचं पण नाही. कोल्हापूर केवढंसं, मंगळवार पेठेत शिंकलं की कसबा बावड्यात कळतं. तर आम्ही सहा जण. मास्तर कीबोर्डवर, हायस्कूलला गणित शिकवतात आणि आमच्यातले नोटेशन वाचता येणारे एकटेच. ताई गातात, नोकरी पतसंस्थेत. गिटारवाला शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहे म्हणून त्याचं नावच फौंड्री पडलंय. ड्रमरची उद्यमनगरात स्वतःची लेथ, तो वर्कशॉप. हलगीवर बारका, वय 19, तालमीच्या मिरवणुकीत वाजवत वाजवत मोठा झालेला. बेस गिटार आणि हिशेबाची वही माझ्याकडं.

हलगी बँडमध्ये आली ती ठरवून नाही. एका सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम चालू असताना वर्कशॉपच्या किक ड्रमचं पेडल तुटलं आणि समोरच्या मांडवात आरतीला हलगी वाजवून बसलेल्या पोराला त्यानंच हात करून वर बोलावलं, तवर मी नुसता बेसवर रेटत होतो. त्या रात्री लोक उठून नाचले. पेडल दुसऱ्या दिवशी लेथवर वेल्ड होऊन आलं पण बारक्याला परत खाली जाऊ द्यायची कुणाची तयारी नव्हती.

प्रॅक्टिसला शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला तळमजल्यावरची एक खोली होती. शेजारी सगळी मूर्तींची कामं, जून-जुलैत आम्ही वाजवतोय आणि भिंतीपलीकडं ओळीनं बिनरंगाचे गणपती ऐकत बसलेत असा सीन. भाडं कमी, तक्रार करणारं कुणी नाही, फक्त पूररेषेत. हे "फक्त" पुढं महागात गेलं.

गिग आणि डबा

मे 2024 पर्यंतच्या सव्वा वर्षात 19 गिग झाले. रंकाळ्याच्या बाजूचा एक कॅफे, दोन कॉलेजांची गॅदरिंग, लग्नाचे संगीत, सोसायट्यांचे कार्यक्रम, एकदा पन्हाळ्यावर एका रिसॉर्टला थर्टी फर्स्ट. बिदागी सहा हजारापासून पंधरापर्यंत, सरासरी नऊ धरा. त्यातला चौथा हिस्सा पहिल्या दिवसापासून फौंड्रीच्या आईनं दिलेल्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात. उरलेल्यातून साउंडवाल्याचं भाडं, टेम्पो आणि जेवण गेलं की माणशी सात-आठशे रुपये हातात पडायचे आणि ते पण मिसळीत नाहीतर पेट्रोलमध्ये जायचे, पैशासाठी हे करत नव्हतो हे सांगायला नको.

गिगमध्ये 80 टक्के फर्माईशीची गाणी आणि मधेच चोरून आमची दोन-तीन. कॅफेत कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायचं तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची संस्था) लायसन लागतं आणि रेकॉर्डेड लावायचं तर पीपीएलचं (रेकॉर्डिंग कंपन्यांची संस्था) पण, हे आम्हाला कॅफेमालकाकडूनच कळलं, त्यानं ते काढलेलं होतं म्हणून निभावलं. गच्ची उघडी असल्यानं 10 वाजता स्पीकर बंद म्हणजे बंद, 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमात रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे आणि गणपती-नवरात्रातली सूट कॅफेला लागू नाही. म्हणून आमची स्वतःची गाणी कायम साडेनवाच्या पुढं ढकलली जायची आणि कायम तीच कापली जायची. डेमो, म्हणजे नमुना म्हणून पाठवायचं रेकॉर्डिंग, करायची खुमखुमी इथनंच आली. आमची गाणी लोकांनी आधी ऐकली असतील तर निदान कुणीतरी ती मागेल तरी.

याच काळातला एक गिग पुढच्या सगळ्यासाठी महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहात एका संस्थेचा वर्धापनदिन होता, त्यात आम्हाला सुरुवातीची 25 मिनिटं मिळाली. शाहू महाराजांच्या काळात 1915 ला बांधलेलं थिएटर, तिथं आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी कधी ना कधी नाटक बघितलेलं, त्यामुळं वाजवायच्या आधीच हाताला घाम. मास्तरांनी त्यांचा हँडी रेकॉर्डर मधल्या एका रांगेत खुर्चीच्या हातावर ठेवला होता, सहज, घरी ऐकायला. त्या रेकॉर्डिंगमध्ये उसाच्या ट्रॉलीवरचं आमचं गाणं पहिल्यांदा आमच्या डोक्यात होतं तसं वाजलेलं ऐकू येतं. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

अडचण कुठं आली

मेमध्ये डब्यात 43,000 झाले आणि आम्ही पुण्यातला एक स्टुडिओ दोन दिवसांसाठी बुक केला. तासाला 1,000, रोजचे आठ तास. कोल्हापुरात पण जागा आहेत, पण पुण्यात केलं म्हणजे "प्रोफेशनल" असं काहीतरी आमच्या डोक्यात बसलेलं. पहिला निर्णय इथं चुकला आणि तो निर्णय म्हणून घेतलाच नव्हता, कुणीतरी म्हटलं पुण्याला करू आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या दिवशी सकाळी 10 ते दुपारी दीड फक्त ड्रमचे माईक लागणं आणि आवाज जुळणं. साडेतीन तास, म्हणजे साडेतीन हजार रुपये, एक सूर रेकॉर्ड न होता. याला कुणाची चूक म्हणता येत नाही, ड्रमला तेवढा वेळ लागतोच. आम्ही विचारलं नव्हतं एवढंच.

मग क्लिक. इंजिनियर म्हणाला सगळे क्लिकवर वाजवा म्हणजे नंतर एडिट करता येईल. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये एकसारखी टिकटिक, गाण्याचा वेग मिनिटाला इतके ठोके असा ठरवून टाकायचा आणि सगळ्यांनी त्याला धरून चालायचं. वर्कशॉपनं आयुष्यात कधी क्लिकवर वाजवलेलं नाही. त्यानं वेग 106 सांगितला, कारण मोबाईलच्या ॲपवर सुरुवात केली की 104-106 यायचे. गाण्याची पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या कडव्यानंतर त्याचे हात पुढं पळायला लागले, टिकटिक मागं, मग तो थांबून तिला गाठू द्यायचा, मग बारका बावरायचा. बारक्यानं टिकटिक नीट ऐकू यावी म्हणून हेडफोनचा आवाज एवढा वाढवला की ती कानातून बाहेर येऊन ड्रमवरच्या माईकमध्ये शिरली, शांत जागांवर टिक टिक टिक. 22 टेक झाले, म्हणजे तेच गाणं 22 वेळा घेतलं. विसाव्याला फौंड्री म्हणाला, "मर्दा, घड्याळाच्या दुकानात बसल्यासारखं वाटायलंय."

दुसरा घोळ हलगीचा. चामड्याची हलगी शेकून घ्यावी लागते, नाहीतर आवाज बसतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. एसी स्टुडिओत ती दहा मिनिटांत गार होऊन भद् भद् करायला लागली. बारका खाली पार्किंगमध्ये रद्दी पेटवून शेकायला बसला, वॉचमन धावत आला, भांडण, मग लिफ्टनं चौथ्या मजल्यावर, आत येऊन हेडफोन घालेपर्यंत परत भद्. असं सात वेळा. शेवटी इंजिनियरनं सुचवलं की हलगीचा एक चांगला ठोका घेऊ आणि कॉम्प्युटरवर सगळीकडं तोच लावू. दमलो होतो, हो म्हटलं.

खर्च स्टुडिओ 16,000, गाडी 6,500, राहणं-खाणं 5,200 आणि मिक्सिंगचा (घेतलेले सगळे आवाज एकत्र बसवायचं काम) ॲडव्हान्स 5,000. एकूण 32,700. डब्यात 10,300 उरले.

जूनमध्ये रफ मिक्स आलं. पंचगंगेच्या घाटावर सकाळी सात वाजता हेडफोन वाटून घेऊन आम्ही ते ऐकलं. ठोका न ठोका सरळ रेषेत, कुठं चूक नाही आणि हलगी पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखी, प्रत्येक वेळी एकाच डब्यावर. ताई दोन मिनिटांनी हेडफोन काढून म्हणाल्या, "मी कुणाबरोबर गायलेय हे?" वर्कशॉप काहीच बोलला नाही, गाडीला किक मारून निघून गेला. पुढचे तीन आठवडे प्रॅक्टिसला आला नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं खरं नुकसान ते. पैसे परत मिळवता येतात, पण 15 वर्षं वाजवणाऱ्या माणसाला मशीननं तू चुकीचा आहेस सांगितलं आणि आम्ही बाकीचे पाच जण तिथं उभं राहून गप्प बसलो.

वर आणि एक. सुटे ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, मागितले तर त्याचे वेगळे पैसे. आधी बोलणं झालं नव्हतं, कागदावर काही नव्हतं, त्यामुळं भांडायला तोंड पण नव्हतं.

कोणते पर्याय होते

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रंकाळ्यावर बैठक झाली. वर्कशॉपला मास्तर घरी जाऊन घेऊन आले. पर्याय असे होते.

आणखी नऊ-दहा हजार घालून तेच पूर्ण करायचं. माझं मत हेच होतं, लपवत नाही. 32 हजार गेलेत म्हणून आणखी दहा घालायचे ही हिशेब ठेवणाऱ्या माणसाची खोड, गेलेला पैसा वहीत दिसत राहतो ना.

किंवा फौंड्रीच्या घरी दोन इनपुटच्या इंटरफेसवर (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) सगळं आपणच करायचं. पण दोन इनपुट म्हणजे एका वेळी दोनच माईक, म्हणजे खरे ड्रम जमणार नाहीत, कॉम्प्युटरवर टाइप केलेले ड्रम. फौंड्री याच्या बाजूनं. वर्कशॉपसमोर हे बोलायला नको होतं.

तिसरं मास्तरांचं. फेब्रुवारीचं नाट्यगृहातलं रेकॉर्डिंग त्यांनी तिथंच मोबाईलच्या स्पीकरवर लावलं. भेळेच्या गाड्यांचा, घोड्यावर बसलेल्या पोरांचा दंगा चालू असताना पण अंगावर काटा आला. ते म्हणाले, "आपण तिथंच जाऊ. एखाद्या सकाळचं भाडं विचारतो मी. रिकाम्या थिएटरात वाजवू आणि घेऊ."

चौथा पर्याय, सामान भाड्यानं आणून एकत्र वाजवून आपणच घ्यायचं, तेव्हा कुणी मांडला नव्हता, तो पुढं ताईंच्या प्रश्नातून निघाला. त्यांनी विचारलं, "हा डेमो पाठवायचाय कुणाला?" आणि दीड वर्षात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला बघा. फौंड्रीच्या डोक्यात पुण्या-मुंबईचे फेस्टिवलवाले, माझ्या डोक्यात लग्नाचे इव्हेंटवाले, मास्तरांच्या डोक्यात आकाशवाणी, आणि बारक्याला फक्त तालमीतल्या पोरांना ऐकवायचं होतं. चौघांचे चार डेमो, एकाच पैशात करायला निघालो होतो.

मग एक साधी गोष्ट केली जी मेच्या आधी करायला हवी होती. आधी आम्हाला बोलावलेल्या सात जणांना दोन क्लिप पाठवल्या, पुण्याचं रफ मिक्स आणि नाट्यगृहातलं, प्रत्येकी 40 सेकंद. पाच जणांचं उत्तर आलं. पाचही जणांनी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं, त्यावर माझा बेस तसाही ऐकू येत नाही (दुःख होतं, पण खरंय). चौघांना नाट्यगृहातली बरी वाटली, आणि त्यातल्या तिघांनी विचारलं, व्हिडिओ नाही काय?

तर थिएटरात जायचं जवळजवळ ठरलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि आमच्या खोलीत पाणी यायच्या आदल्या रात्री सहा जणांनी मिळून सामान राजारामपुरीत मास्तरांच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. शेजारच्या कुंभारांची त्याहून वाईट धावपळ, ओल्या मूर्ती उंचावर न्यायच्या, त्यामुळं आमचे दोन ॲम्प टाकून आम्ही आधी त्यांचे गणपती उचलले. एक ॲम्प भिजला. खोली गेली ती गेलीच, मालकानं पुन्हा दिली नाही.

मास्तर भाड्याची चौकशी करायला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार होते. 8 ऑगस्टच्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्ट, केशवरावांची जयंती. आम्ही रात्रीच तिकडं गेलो होतो, खासबाग मैदानाच्या बाजूला निम्मं गाव उभं होतं. तिथं डेमोचा विषय कुणी काढला नाही आणि नंतरही महिनाभर काढला नाही.

प्रत्यक्ष काय केलं

गणपतीत (7 ते 17 सप्टेंबर) रेकॉर्डिंगचा विचारच नाही, शहरात कुठंही माईक उघडला की डॉल्बी. उलट दोन कार्यक्रम केले आणि डब्यात 4,000 पडले, म्हणजे 14,300.

नवरात्र संपल्यावर परत बसलो आणि चौथा पर्याय धरला. आठ इनपुटचा इंटरफेस, माईक आणि स्टँड तीन दिवस भाड्यानं आणायचे आणि सगळ्यांनी एकत्र वाजवून स्वतःच घ्यायचं. पुण्यात प्रत्येकाचं वेगवेगळं करून जोडणार होतो. इथं ड्रम, बेस, गिटार, हलगी एकदम, आणि कीबोर्ड व ताईंचा खरा आवाज नंतर. आठ इनपुटची वाटणी किक, स्नेअर, ड्रमच्या वर दोन, हलगी, बेस, गिटार ॲम्प आणि ताईंचा गाईड आवाज (वाजवताना धरायला, नंतर काढून टाकायचा) अशी, एकही रिकामा नाही.

जागा मास्तरांनी काढली. त्यांच्या शाळेची लायब्ररी, दिवाळीच्या सुट्टीत. रिकामा वर्ग नुसता घुमतो, टाळी वाजवली की परत येते, पण लायब्ररीत तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं, उंच-सखल, पुठ्ठ्याची-कापडी, तिथं टाळी वाजली की मरते. हेडमास्तरांनी एका अटीवर परवानगी दिली की कपाटांना हात लावायचा नाही आणि संध्याकाळी सहाला कुलूप.

क्लिकचं काय करायचं यावर मात्र चांगलंच वाजलं. फौंड्रीला क्लिक हवाच होता, कारण नंतर कीबोर्ड जोडायचा तर काहीतरी धरायला पाहिजे. वर्कशॉप म्हणाला, "क्लिक असंल तर मी नाही." तोड मास्तरांनी काढली, गणिताच्या मास्तराला शोभेल अशी. नाट्यगृहातलं रेकॉर्डिंग घेऊन बसले आणि गाण्याच्या प्रत्येक तुकड्यात मिनिटाला किती ठोके पडतात ते बोटावर मोजून वहीत लिहिलं. मुखडा 104. पहिलं कडवं 105. दुसऱ्या कडव्यानंतर 108. शेवटी हलगी एकटी उरते तिथं 113. मग दुसऱ्या एका गिगचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मोजलं. 103, 105, 108, 112.

म्हणजे वर्कशॉप पळत नव्हता! तो दरवेळी त्याच ठिकाणी तेवढाच वाढवत होता. मिरवणूक चौकात आली की हलगीवाले वाढवतात तसं. आम्ही पुण्यात सगळ्या गाण्याला 106 लावला होता, म्हणजे सुरुवातीला त्याला ढकलत होतो आणि शेवटी त्याचा शर्ट धरून मागं ओढत होतो. मास्तरांनी वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती दोनदा वाचली, म्हणाला, "हे आधी का नाही दाखवलं, सर?" मास्तर म्हणाले, "आधी मोजलंच नव्हतं रे."

मग क्लिकच तसा बनवला. कॉम्प्युटरवर टेम्पो मॅप म्हणून सोय असते, गाण्यात कुठं किती वेग हे लिहून ठेवता येतं, टिकटिक आपोआप तशी चढत जाते. क्लिक फक्त वर्कशॉपच्या कानात, आणि त्याचा पण आवाज अर्धा. बाकीच्यांनी वर्कशॉपकडं बघायचं.

रेकॉर्डिंग 8 ते 10 नोव्हेंबर. हे ठरवताना आम्ही सुट्टी बघितली, दिवाळीचे फटाके संपले हे बघितलं, आणि 20 तारखेला विधानसभेचं मतदान आहे हे सहाही जण विसरलो. प्रचाराच्या रिक्षा. सकाळी नऊपासून दर वीस मिनिटांनी एक, प्रत्येक पक्षाचं गाणं वेगळं. शिवाय मास्तरांना इलेक्शन ड्युटी आणि 9 तारखेला नेमकं त्यांचं ट्रेनिंग. शेवटी बारक्याचे दोन मित्र गल्लीच्या दोन्ही तोंडांना मोबाईल घेऊन उभे, रिक्षा दिसली की मिस्ड कॉल, मिस्ड कॉल आला की टेक बंद. दुपारी एक ते साडेतीन प्रचारवाले पण जेवतात, तेवढ्यात मुख्य काम उरकलं.

घूं असा बारीक आवाज येत होता त्यात पहिल्या दिवशी दोन तास गेले. 50 हर्ट्झचं लाइटचं हम. ॲम्प एका भिंतीच्या प्लगवर आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीच्या, दोन्हीकडची अर्थिंग वेगळी, त्यातून ते येतं. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं, ट्यूबलाइट बंद केल्या, गेलं.

हलगी लायब्ररीत ठेवली की ड्रमच्या सगळ्या माईकमध्ये तीच. म्हणून बारक्याला बाहेर व्हरांड्यात बसवलं, दार फटीएवढं उघडं, आणि समोरासमोर दिसेल असं. ड्रमपासून साधारण आठ मीटर. आठ मीटरवरून आवाज यायला 23 मिलिसेकंद लागतात आणि जलद चालीत तेवढं पण कानाला टोचतं, त्यामुळं दारातून येणाऱ्या आवाजावर न वाजवता त्याला ड्रम हेडफोनमध्ये दिले. आणि व्हरांड्याला लागूनच खाली अंगणात शेगडी. दर टेकच्या आधी पाच मिनिटं शेकायची, बोटानं वाजवून बघायची, बसायचं. कुणी वॉचमन नाही, शिपाईमामा उलट कोळसे आणून देत होते आणि "अजून जरा लागू दे" म्हणून सल्ला पण.

माईक आधी हलगीला चार बोटांवर लावला, तर नुसतं टण् टण्. मागं मागं नेत साधारण हातभर अंतरावर आला तेव्हा चामडं, लाकूड, काडी तिन्ही वेगळं ऐकू यायला लागलं. बारका कान लावून ऐकत होता, म्हणाला, "हां, आता माझी हाय."

उसाच्या ट्रॉलीचं गाणं सहाव्या टेकला झालं. दुसरं नवव्या. आणि फौंड्रीच्या भावानं दोन मोबाईलवर सगळं शूट केलं, कारण व्हिडिओ मागितला होता ना.

तिसरं गाणं म्हणून नाट्यगृहातलंच घ्यायचं ठरलं, घाटावरचं संथ गाणं. ते प्रोजेक्टमध्ये टाकलं तर ताईंचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा आणि गाणं घाईत. अर्धा तास फौंड्रीच्या ट्यूनिंगला शिव्या घालून झाल्या. रेकॉर्डर 44.1 किलोहर्ट्झवर होता (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेत होता) आणि आमचं प्रोजेक्ट 48 वर, फाइल न बदलता तशीच वाचली गेली की गाणं जवळजवळ नऊ टक्के जलद आणि दीड सेमीटोन (कीबोर्डच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक) वर जातं. माऊसचं एक बटण दाबायचं काम, पण कळायला पाहिजे.

मिक्सिंग सांगलीतल्या एका पोरानं घरी बसून केलं, गाण्याला 2,000, दोन गाण्यांचे 4,000, सुटे ट्रॅक आमच्याकडंच राहणार हे व्हॉट्सॲपवर आधी लिहून घेतलं. सामानाचं भाडं 4,500, चहा-वडापाव-कोळसा 1,200. एकूण 9,700. डब्यात 4,600 शिल्लक.

निकाल

मिश्र आहे. जानेवारीत 11 जणांना पाठवलं. तीन गाणी मिळून नाही, आधी 40 सेकंदांचा व्हिडिओ आणि खाली गाण्यांची लिंक. चार गिग आले, त्यातला एक सांगलीत, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं की तुमची स्वतःची तीन गाणी सुरुवातीलाच वाजवा. फेस्टिवलवाल्यांचं उत्तर आलं नाही. एका इव्हेंटवाल्यानं हलगी काढून फक्त हिंदी गाणी करणार काय विचारलं, बिदागी चांगली होती, दोन दिवस चर्चा झाली, नको म्हटलं. तो निर्णय बरोबर होता का मला अजून सांगता येत नाही, 25,000 होते.

वर्कशॉप आता घरी क्लिक लावून रियाज करतो. त्याला वाटतं आम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या गाण्याच्या शेवटी, हलगी थांबल्यावर, बारीक आवाजात प्रचाराची रिक्षा ऐकू येते. मिक्सवाला काढणार होता. ताईंनी ठेवायला लावली.

परत करायचं झालं तर

कुणाला पाठवायचं ते आधी आणि जागा नंतर. हे मी वर सांगितलंय पण ज्या क्रमानं आम्ही केलं तो अगदी उलटा होता, आधी जागा, मग पैसे, मग गाणी, मग दीड महिन्यानं प्रश्न.

पुण्याला जाणं सगळंच वाया गेलं असं मात्र म्हणणार नाही. तिथं इंजिनियरनं ड्रमचे माईक कसे लावले ते फौंड्रीनं मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते आणि लायब्ररीत आम्ही तेच फोटो बघून लावले, साडेतीन तासांच्या जागी दीड. तिथल्या माणसाचं पण चुकलं म्हणता येणार नाही, त्याच्याकडं येणारे बहुतेक जण क्लिकवरच वाजवत असणार, हलगी शेकावी लागते हे त्याला कोण सांगणार, आम्हीच ना. जायच्या आधी एकदा फोनवर दहा मिनिटं बोललो असतो, आम्ही सहा जण, एक वाद्य चामड्याचं, ड्रमर क्लिकवर वाजवत नाही, तर त्यानंच कदाचित म्हटलं असतं की एक दिवस लाइव्ह घेऊ.

ताईंचा आवाज आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार ते सहात घेतला, कुलपाच्या घाईत, आणि ते ऐकू येतं. घाटावरच्या गाण्यात नाट्यगृहात त्या जशा गातात तशा या दोन गाण्यांत नाहीत. सगळा जीव आम्ही ड्रम आणि हलगीत घातला आणि जिच्यामुळं लोक गाणं ऐकतात तिला उरलेला वेळ दिला. पुढच्या वेळी पहिला दिवस त्यांचा.

मे महिन्याच्या ॲडव्हान्सचे 5,000 अजून तिकडंच आहेत. फौंड्री म्हणतो सोडून दे. माझ्या वहीत ती ओळ अजून खोडलेली नाही.